पायाचं बळ पोटरीत

पाय दुखतो म्हणणाऱ्याचा हात बहुतेक वेळा तळव्यावर जातो, नाहीतर टाचेवर. दुखतं तिथेच हात जाणार, त्यात नवल नाही. पण घोटा वरखाली करणारे, पाऊल आतबाहेर वळवणारे आणि बोटांना जोर देणारे मोठे स्नायू तळव्यात नसतातच. ते असतात गुडघ्याखाली, नडगीच्या पुढे, मागे आणि बाहेरच्या अंगाला. तिथून त्यांच्या कंडरा निघतात, घोट्याला वळसा घालून खाली उतरतात आणि पावलाच्या हाडांना धरतात. विहिरीवर दोर ओढणारा माणूस एका जागी उभा असतो आणि रहाटावरून वळलेला दोर दुसरीकडे काम करतो, तशी ही योजना आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की पायाच्या स्नायूंचा अर्धा अभ्यास झाला असं मी समजतो. पुढची प्रकरणं याच गोष्टीवर उभी आहेत.

हे पुस्तक लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके होते. 2019 साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. शरीररचना शिकायला पूर्वी इथल्या मुलामुलींना पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, ती आता गावातच शिकता येते. पण हे पुस्तक फक्त भावी डॉक्टरांसाठी नाही. नर्सिंगच्या आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनी, आशाताई, शाळेतले क्रीडाशिक्षक, तालमीतले वस्ताद, पालखीसोबत औषधांची पेटी घेऊन चालणारे कार्यकर्ते, ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसाची जखम सगळ्यांत आधी पाहणारे कंपाउंडर या सगळ्यांना पायाचे स्नायू माहीत असायला हवेत. या मंडळींना लॅटिन नावांची यादी देऊन भागणार नाही. कोणता स्नायू कुठून निघतो, घोट्याच्या कोणत्या बाजूने जातो आणि म्हणून काय करतो, एवढं कळलं पाहिजे.

पायाच्या कामाचा पसारा केवढा आहे, ते पालखीच्या हिशेबाने पाहू. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते. त्यातला मोठा टप्पा या दोन तालुक्यांतला. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला परीट समाजाने घातलेल्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूरचं रिंगण आणि मुक्काम, मग सराटीला नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान. बारामती ते इंदापूर हे अंतर 50 किलोमीटरच्या आसपास आहे. साधारण माणसाचं पाऊल साठ सेंटिमीटरचं धरलं तर एवढ्या वाटेला 80 हजारांच्या वर पावलं पडतात. म्हणजे एकेका पायाला 40 हजार वेळा टाच टेकवायची, अंग पेलायचं आणि चवड्याने जमीन मागे ढकलायची. पंढरपूरपर्यंतचा हिशेब केला तर प्रत्येक पायाच्या वाट्याला दोन लाखांहून अधिक पावलं येतात. आणि चालणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायाबापड्याही पुष्कळ. हे सगळं काम कोणते स्नायू करतात, हा या पुस्तकाचा विषय.

आधी हाडं थोडक्यात. एका पावलात 26 हाडं असतात: घोट्याच्या आणि टाचेच्या भागात सात, त्यापुढे पाच लांब हाडं आणि बोटांची चौदा. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड यांची खालची टोकं म्हणजे आपल्याला दिसणारे घोट्याचे दोन उंचवटे. त्या दोहोंच्या बेचक्यात टेलस नावाचं हाड बसतं. हा सांधा पाऊल वर उचलतो आणि खाली दाबतो. पाऊल आत किंवा बाहेर वळतं ते त्याच्या खालच्या, टेलस आणि टाचेचं हाड यांच्यामधल्या सांध्यात. खडबडीत बांधावरून चालताना, ढेकळांतून जाताना खालचा सांधाच जमिनीशी जुळवून घेतो. दोन सांधे वेगळे, हे शिकणाऱ्याने सुरुवातीलाच पक्कं करावं. पुढचा सगळा गोंधळ त्याने टळतो.

आता नियम. घोट्याच्या पुढून जाणारी कंडरा पाऊल वर उचलते. मागून जाणारी पाऊल खाली दाबते. आतल्या अंगाने जाणारी तळवा आतल्या बाजूला वळवते, बाहेरून जाणारी बाहेरच्या बाजूला. गुडघ्याखालच्या भागातून घोट्यावर काम करणारे स्नायू बारा आहेत. पुढे चार, बाहेर दोन, मागे वरच्या थरात तीन आणि खोल थरात तीन. या बाराही स्नायूंची कामं याच नियमातून काढता येतात, पाठ करावी लागत नाहीत. पेरोनिअस लाँगस बाहेरच्या घोट्याच्या मागून जातो. म्हणजे तो पाऊल खाली दाबणार आणि बाहेर वळवणार. पेरोनिअस टर्शियस नावाने त्याचा भाऊबंद, पण तो घोट्याच्या पुढून उतरतो. म्हणून तो पाऊल वर उचलतो. नावावर गेलं की चूक होते, कंडरेची वाट पाहिली की होत नाही.

वाचकाने इथे थांबून स्वतःच्या पायावर हात ठेवावा. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि आतल्या घोट्याच्या मागे दोन बोटं टेकवा. आता तळवा आत वळवत पाऊल खाली दाबा. हाडाला अगदी चिकटून एक दोरी ताणली जाते, ती टिबिॲलिस पोस्टीरिअरची कंडरा. तिच्या मागे बोटं वाकवणाऱ्या फ्लेक्सर डिजिटोरमची. त्यामागे बोट हलकं ठेवलं तर नाडी लागते. नाडीच्या मागे तळव्याची संवेदना घेऊन जाणारी नस आणि सर्वांत मागे, टाचेकडे, अंगठा वाकवणाऱ्या फ्लेक्सर हॅल्युसिसची कंडरा. बोटभर रुंदीच्या जागेत हे सगळं एका ओळीने बसलेलं असतं. आता पाय खाली टेकवून पाऊल वर उचला. घोट्याच्या पुढे, अंगठ्याच्या बाजूला जी जाड कंडरा उठून दिसते, ती टिबिॲलिस अँटीरिअरची. अंगठा तेवढा वर करा, तिच्या शेजारी दुसरी उठेल. ती अंगठा उचलणारी एक्स्टेन्सर हॅल्युसिस लाँगस. चित्रं पुस्तकात आहेत, पण खरं पुस्तक आपल्याच अंगाला जोडलेलं आहे आणि ते उघडायला काही लागत नाही.

सगळ्यांत जास्त पानं पोटरीला दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. पोटरीत वर दिसणारा दोन गड्ड्यांचा स्नायू गॅस्ट्रोक्नेमिअस. तो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडावरून निघतो. त्याच्या खाली रुंद, चपटा सोलिअस. तो गुडघ्याच्या खालून निघतो. प्लँटॅरिस नावाचा बारीकसा तिसरा आहे, पण त्याचा वाटा नगण्य. दोघे मोठे स्नायू मिळून टाचेमागची जाड शीर बनवतात, जिला डॉक्टर अकिलीसची कंडरा म्हणतात. शरीरातली ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. धावताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या 6 ते 8 पट ओढ येते.

या दोघांतला फरक वारीच्या वाटेवर फार चांगला दिसतो. सोलिअसमधले बहुतेक तंतू सावकाश आकुंचन पावणारे, न थकणारे असतात. दिवसभर एका लयीत चालणं, कीर्तनात तासन्‌तास उभं राहणं, टाळ धरून पावली खेळणं ही त्याची कामं. गॅस्ट्रोक्नेमिअसमध्ये झटक्यात आकुंचन पावणाऱ्या तंतूंचा वाटा मोठा. बेलवाडीच्या रिंगणात पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउली, पखवाजवाले आणि विणेकरी गोल धावतात. तिथे तो कामाला लागतो. सकाळपासून चालून आखडलेल्या पोटरीने एकदम धाव घेतली की याच स्नायूत पेटका येतो किंवा त्याचा आतला गड्डा फाटतो. पोटरीत मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटलं आणि वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं, असं सांगणारे पन्नाशीच्या पुढचे रुग्ण दर वर्षी भेटतात. रिंगणाआधी पोटऱ्या ताणून घ्या, एवढं दिंडीप्रमुखांनी सांगितलं तरी पुष्कळ होईल.

आणि ताणायचं कसं, यातही रचनेचं ज्ञान लागतं. गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघा ओलांडतो, म्हणून गुडघा सरळ ठेवून भिंतीवर रेललं की तो ताणला जातो. सोलिअस गुडघा ओलांडत नाही. तो ताणायचा असेल तर गुडघा वाकवून रेलावं लागतं. बहुतेक लोक पहिला प्रकार करतात आणि दुसरा सोडून देतात. चालणाऱ्या माणसाला दुसऱ्याचीच जास्त गरज असते.

पोटरीचं दुसरं काम रक्ताचं. सोलिअसच्या आत रक्त साठवणाऱ्या रुंद शिरा आहेत. स्नायू आवळला की त्या पिळल्या जातात आणि शिरांतल्या झडपांमुळे रक्त वरच्या दिशेलाच जातं. चालत असताना हे आपोआप होतं. माणूस न हलता उभा राहिला की थांबतं, रक्त खाली साठतं आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा उरतो. दर्शनाच्या रांगेत उभ्या माणसाने मधूनमधून टाचा उचलाव्यात, हा सल्ला याच रचनेतून आलेला आहे. त्याला औषध लागत नाही.

पालखीच्या मुक्कामी अनेक गावांत तरुण मंडळी वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात. ही सेवा मोठी आहे. मात्र बहुतेक हात तळव्यावरच फिरतात. तळवा चोळून बरं वाटतं, पण दमलेला असतो सोलिअस. पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात, गड्डे संपतात तिथे दोन्ही अंगठ्यांनी हळू, वरच्या दिशेने चेपावं. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल, तर मात्र तिला हात न लावता डॉक्टरांकडे न्यावं; शिरेत गुठळी असू शकते.

पोटरीची ताकद तपासायला यंत्र लागत नाही. माणसाला भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं करा आणि टाच उचलायला सांगा. निरोगी प्रौढ माणसाला 20 ते 25 वेळा टाच उचलता येते. पाहणाऱ्याने मागे बसून टाचेकडे पाहावं. टाच वर जाताना आतल्या बाजूला किंचित वळली तर टिबिॲलिस पोस्टीरिअर शाबूत आहे. टाच सरळच राहिली, किंवा माणसाला ती उचलताच आली नाही आणि पायाची आतली कमान बसलेली दिसली, तर ती कंडरा थकली आहे किंवा फाटत चालली आहे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या वजनदार बायकांमध्ये हे दुखणं बरंच आढळतं. आतल्या घोट्यामागे सूज, मग हळूहळू सपाट होत जाणारा पाय. पायाची कमान हाडांच्या ठेवणीने आणि अस्थिबंधांनी धरलेली असते, पण चालताना तिला तोलून धरणारा मुख्य स्नायू हाच. वेळेवर ओळखलं तर चपलेत आतून आधार देऊन आणि व्यायामाने पुष्कळ भागतं.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. टाचेमागची शीर पूर्ण तुटलेला माणूस झोपून पाऊल खाली दाबू शकतो, कारण खोल थरातले तीन स्नायू शाबूत असतात. ते पाहून ‘हलतंय, म्हणजे तुटलं नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि महिनेच्या महिने वाया जातात. अशा माणसाला पालथं झोपवून पावलं खाटेच्या कडेबाहेर ठेवावीत आणि पोटरी हाताने आवळावी. शीर धड असेल तर पाऊल हलतं. तुटली असेल तर हलत नाही.

बाहेरच्या अंगाचे दोन स्नायू, पेरोनिअस लाँगस आणि ब्रेव्हिस, पाय मुरगळण्यापासून आपल्याला वाचवतात. पाय मुरगळतो तो जवळजवळ नेहमी आतल्या बाजूला वळून, आणि बाहेरच्या घोट्याचे अस्थिबंध ताणले किंवा तुटतात. टेलस हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. त्यामुळे पाऊल खाली दाबलेलं असताना, म्हणजे उतारावरून उतरताना किंवा उडी मारून टेकताना, बेचक्यात ते सैल बसतं. नेमकं त्याच क्षणी पेरोनिअस स्नायूंनी पाऊल बाहेर खेचून धरावं लागतं. गोल रिंगणात धावताना अंग आतल्या बाजूला कलतं, आतल्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार येतो आणि या स्नायूंना जास्त सावध राहावं लागतं. कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूचं तसंच. ब्रेव्हिसची कंडरा करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाला धरते. जोरात मुरगळलं की कधी कधी त्या हाडाचा तुकडाच निघतो. म्हणून मुरगळलेला पाय तपासताना फक्त घोटा दाबून पाहू नये, करंगळीच्या बाजूची कडही दाबून पाहावी. लाँगस त्याहून लांब जातो: बाहेरून तळव्याखाली शिरतो, तळवा तिरका ओलांडतो आणि अंगठ्याच्या लांब हाडाच्या बुडाशी पोचतो. पाऊल उचलण्याच्या शेवटच्या क्षणी अंगठ्याचा चवडा जमिनीवर दाबून ठेवणारा तोच. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो कारण हे स्नायू कमजोर आणि उशिरा जागे होणारे राहतात. क्रेप बँडेज गुंडाळून हे सुधारत नाही. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव केला तर सुधारतं.

पुढच्या चार स्नायूंत टिबिॲलिस अँटीरिअर प्रमुख. पाऊल वर उचलणं हे त्याचं पाठ्यपुस्तकी काम, पण चालताना त्याचं अवघड काम वेगळंच असतं. टाच टेकली की पुढचा चवडा धपकन आपटू नये म्हणून तो लांब होत होत पाऊल हळूच खाली सोडतो. लांब होत असतानाही ताण धरून ठेवणं स्नायूला फार थकवतं. वारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नडगीच्या पुढे ठणका लागतो तो याच कामाचा. काँक्रीटच्या पालखी मार्गावर, विशेषतः सवय नसलेल्या शहरी वारकऱ्याला, तो जास्त जाणवतो. त्याने पावलं छोटी टाकावीत.

पुढच्या आणि बाहेरच्या स्नायूंना चालवणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेभोवती अगदी कातडीखालून वळते. आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. खुरपणी करणाऱ्या बाया तासन्‌तास उकिडव्या बसून सरकत जातात. गुडघा पूर्ण वाकलेला असताना ही नस दाबली जाते. आधी पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या, मग एक दिवस पाऊल उचलत नाही. चालताना अंगठा घासतो, चप्पल पायातून निसटते, बाई गुडघा उंच उचलून पाऊल टाकू लागते. घरचे समजतात अशक्तपणा आला, किंवा वारं गेलं. बसणं वेळेत बदललं की बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. पण पाऊल पडण्यामागे कुष्ठरोगही असू शकतो, कारण तो रोग याच नसेला धरतो. म्हणून अंगावर न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा आहे का हे पाहिल्याशिवाय अशा रुग्णाला घरी पाठवू नये. नस कायमची गेली असेल तर शस्त्रक्रिया करून टिबिॲलिस पोस्टीरिअरची कंडरा मागून पुढे आणून बसवतात. पाऊल खाली दाबणारा स्नायू वर उचलणारा होतो. वर सांगितलेला नियम किती खरा आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तळव्यातले छोटे स्नायू चार थरांत आहेत आणि त्यांची नावं विद्यार्थ्यांना घाम फोडतात. लेखकाने ती दिली आहेत, पण मन लावलं आहे ते त्यांच्या एकत्र कामावर: बोटं सरळ जमिनीला टेकवून ठेवणं आणि कमानीला आतून आधार देणं. मधुमेहात नसा खराब झाल्या की आधी हेच स्नायू सुकतात. मग लांब कंडरांची ओढ एकटी उरते, बोटं वाकडी होऊन वर चढतात, चवड्याची हाडं खाली येतात आणि त्यांच्याखाली, संवेदना नसलेल्या जागी, घट्टा पडून जखम होते. त्यात पोटरी आखडलेली असली तर चवड्यावरचा दाब आणखी वाढतो. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात मधुमेह घरोघरी पोचला आहे. तेव्हा आशाताईंनी फक्त जखम आहे का हे न पाहता बोटं सरळ आहेत का हेही पाहावं. वाकडी होऊ लागलेली बोटं जखमेच्या पुष्कळ आधी दिसतात.

याच तळव्यांच्या ताकदीची एक गोष्ट बारामतीला ठाऊक आहे. साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर 2020 साली आलेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. लोक याला जिद्द म्हणतात, आणि ती आहेच. शरीररचना शिकवणारा माणूस म्हणून मी त्यात आणखी एक गोष्ट पाहतो: जन्मभर अनवाणी आणि कष्टात चाललेल्या पायाचे तळव्यातले स्नायू धावण्याला तयार असतात. शहरातल्या माणसाने ते पाहून उद्यापासून डांबरी रस्त्यावर अनवाणी धावायला लागू नये. त्याच्या तळव्याला ती तयारी करायला महिने लागतील.

स्नायू मोजण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात पाचशे पेशी, म्हणजे स्नायू, सांगितल्या आहेत. त्यांतल्या चारशे हातापायांत, म्हणजे एका पायात शंभर. प्रत्येक बोटाला तीन, गुडघा आणि घोटा यांच्यामध्ये वीस, असा तपशील आहे. आजच्या गणनेशी तो जुळत नाही, पण शवाला पाण्यात ठेवून सात रात्रींनी कूच्याने थरथर सोडवत पाहावं, ही त्याच ग्रंथातली शिकवण आजच्या शवविच्छेदनगृहातल्या शिस्तीशी पूर्ण जुळते. पाहून शिका, असं त्या माणसाने सांगितलं. पोटरीच्या मधोमध इंद्रबस्ति नावाचं मर्मही त्यात आहे. पायाला कुठे इजा झाली की माणूस जायबंदी होतो, याची नोंद ठेवणारे ते लोक होते.

इजेवरून शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत निकडीचं. दिवाळीनंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांची धुराडी पेटली की बीड-नगरकडच्या टोळ्या या भागात उतरतात. ऊस अगदी जमिनीलगत तोडायचा, एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने कोयता चालवायचा. कोयता निसटला की येतो तो पुढच्या पायावर, नडगीच्या खालच्या भागावर किंवा घोट्याच्या पुढे. तिथे कातडी आणि कंडरा यांच्यामध्ये मांस नसतंच. जखम बोटभर दिसते, रक्त चिंधीने थांबतं, आणि खाली टिबिॲलिस अँटीरिअर किंवा अंगठा उचलणारी कंडरा तुटलेली असते. तुटलेलं टोक स्नायूच्या ओढीने वर सरकतं, त्यामुळे जखमेत ते दिसतही नाही. कातडीला टाके पडतात, पट्टी होते, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं आणि माणूस चार दिवसांनी फडात परततो. पुढे डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना त्याचं पाऊल उचलत नाही, अंगठा फळीला अडतो. पहिल्या काही दिवसांत कंडरा जोडणं सोपं असतं. महिन्यांनी टोकं आखडलेली आणि चिकटलेली असतात, तेव्हा दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते. हंगाम सोडून तो माणूस त्यासाठी थांबत नाही.

याला लागणारी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. तेव्हा हे पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: कोयता लागलेला पाय समोर आला की टाका घालण्याआधी त्या माणसाला आधी पाऊल वर उचलायला सांगा, मग नुसता अंगठा, मग बाकीची बोटं. यांतलं एकही उचललं गेलं नाही तर जखम धुऊन, स्वच्छ झाकून त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवा, आणि चिठ्ठीवर कोणती हालचाल होत नाही ते स्पष्ट लिहा.